नागपूरचे राज्य आणि दानीएलचा पुतळा

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅन्सेल यांनी कारभार ताब्यात घेऊन कलकत्त्याला खबर धाडली. पुढच्या काही आठवड्यांत, थेट छत्तीसगडापर्यंत पसरलेला पाऊण लाखाहून अधिक चौरस मैलांचा मुलूख एका टिपणाच्या जोरावर खालसा झाला. लढाई नाही, वेढा नाही.

टिपण होते गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीचे, २८ जानेवारी १८५४ चे. त्याची मांडणी पक्क्या वकिली थाटाची होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली, तेव्हाच हे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने जिंकलेले होते. १८१८ मध्ये ते बाजीबा गुजर या मुलाला, म्हणजे पुढच्या तिसऱ्या रघूजींना, कंपनीने आपल्या मर्जीने बहाल केले. ज्याला दिले तो वारस न ठेवता गेला, तेव्हा दान मूळ धन्याकडे परत आले. जोडीला रोकडा व्यवहारही होता. या प्रांतातला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, आणि हे कारण डलहौसीने लपवूनही ठेवले नाही. कौन्सिलमधले कर्नल जॉन लो यांनी विरोधी मत नोंदवले. ते फायलीत राहिले.

राज्ये कोण देतो आणि कोण काढून घेतो, या प्रश्नाला डलहौसीने दिलेले उत्तर सरळ होते: आम्ही. गंमत अशी की याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर सांगणारा ग्रंथ त्या वेळी नागपुरातच एका शाळेत शिकवला जात होता, आणि शिकवणारे होते राज्यकर्त्यांच्याच देशातले, राज्यकर्त्यांच्याच धर्माचे पाद्री.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर एक स्वप्न पाहतो. स्वप्नात प्रचंड पुतळा उभा आहे. डोके सोन्याचे, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावले लोखंड आणि माती यांच्या मिश्रणाची. कोणाचा हात न लागता सुटलेला एक दगड येऊन पावलांवर आदळतो आणि अख्ख्या पुतळ्याचा भुगा होतो. यहुदी बंदिवान दानीएल अर्थ सांगतो: सोन्याचे डोके म्हणजे महाराज आपणच, पण आपल्यामागून दुसरे राज्य येईल, मग तिसरे, मग चौथे, आणि शेवटी स्वर्गीच्या देवाचे न मोडणारे राज्य. बंदिवानाने सम्राटाला तोंडावर सांगितलेली ही गोष्ट आहे. हे पुस्तक आजच्या रूपात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, अंतियुख एपिफानेस या ग्रीक राजाच्या छळाच्या काळात आले, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तिथेही ते लिहिणारे आणि ऐकणारे राज्य गमावलेलेच लोक होते.

इतर संदेष्ट्यांचे म्हणणे याहून धारदार आहे. यशयाच्या लेखी अश्शूरचे साम्राज्य म्हणजे देवाच्या हातातली काठी. पण काठीला आपणच मारतो आहोत असे वाटू लागले की तिचाही हिशेब होणार. यिर्मया तर जेरुसलेम जाळणाऱ्या नबुखद्नेस्सराला देवाचा सेवक ठरवतो, आणि लगेच सांगतो की त्याच्याही देशाची वेळ येईल. इराणचा राजा कोरेश यहोवाला ओळखतही नाही, तरी यशयाच्या पुस्तकात तो देवाचा अभिषिक्त ठरतो. या कोरेशने इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये बाबेल घेतले आणि हद्दपार यहुद्यांना मायदेशी परतण्याची वाट मोकळी झाली. आमोस दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब यांचे अपराध एकेक करून मोजतो. ऐकणारे खूश होऊन माना डोलवू लागावेत, तोच तो त्यांच्या स्वतःच्या यहुदाकडे आणि इस्राएलाकडे वळतो. देवाने फक्त इस्राएलालाच मिसरातून काढले असे नाही, पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही त्यानेच त्यांच्या जागी आणले, असेही तो ऐकवतो.

या साऱ्याचा अर्थ दोन बाजूंनी लागतो. सत्ता देवाने दिली, हे पहिले कलम. ती उसनी आहे आणि परतफेडीचा दिवस ठरलेला आहे, हे दुसरे. जेत्यांना पहिले कलम नेहमीच आवडते.

नागपुरात हा ग्रंथ घेऊन आलेले स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा, ८ सप्टेंबर १८१७ चा. म्हणजे सीताबर्डीच्या लढाईआधी जेमतेम अडीच महिने. ते ज्या चर्चचे होते ते चर्चच मुळी सत्तेशी झालेल्या भांडणातून जन्मले होते. पाद्री कोण नेमणार, मंडळी की जमीनदार, या वादात सरकारी न्यायालयांनी जमीनदारांची बाजू घेतली. चर्चवर ख्रिस्ताखेरीज कोणाचेही राज्य नाही, असे म्हणत १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत पडलेल्या फुटीत थॉमस चामर्स यांच्यामागून चारशेहून अधिक पाद्री सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. पगार गेले, राहती घरे गेली. त्यातून फ्री चर्च उभे राहिले. त्याच वातावरणात, १८३९ मध्ये, विल्यम सिमिंग्टन या स्कॉटिश पाद्र्याने ख्रिस्ताच्या अधिराज्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला होता; ते अधिराज्य चर्चपुरते नसून राष्ट्रांवरही आहे, हे त्याचे प्रतिपादन. देवाचे सार्वभौमत्व हा या लोकांसाठी केवळ रविवारच्या प्रवचनाचा विषय नव्हता. त्यापायी त्यांनी आपल्याच सरकारला नकार दिला होता.

भविष्यवाण्यांना त्या दशकात एक नवे वजनही आले होते. १८४३ मध्ये फ्रेंच वाणिज्यदूत बोता यांनी आणि १८४५ पासून ऑस्टिन लेयार्ड यांनी मोसुलजवळच्या टेकाडांतून अश्शूरी राजांचे वाडे उकरून काढायला सुरुवात केली. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये बुडालेली निनवे पुन्हा उजेडात येत होती. बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारयवेश राजाचा लेख वाचणारे हेन्री रॉलिन्सन हे कंपनीच्याच मुंबई फौजेतले अधिकारी. मुंबईचे पाद्री डॉ. जॉन विल्सन यांनी ईजिप्त आणि पॅलेस्टाइन पालथे घालून १८४७ मध्ये बायबलच्या भूमीवर दोन जाड खंड छापले. बुडालेल्या साम्राज्यांच्या विटा मोजण्यात चढत्या साम्राज्याचे नोकर गुंतले होते.

विदर्भात मिशन यावे ही इच्छा कामठीच्या छावणीतले मद्रास फौजेचे अधिकारी विल्यम हिल यांची. पैसाही त्यांनीच दिला. त्यांचे लक्ष होते गोंडांकडे. त्याआधी काही जर्मन मिशनऱ्यांनी अमरकंटकाजवळ करंजिया इथे गोंडांत काम सुरू केले होते, पण १८४२ मध्ये पटकीने त्यांतले बहुतेक दगावले. हिस्लॉप डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईला उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोचले. मराठी शिकले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. लवकरच रॉबर्ट हंटर हे सहकारी आले. दोघांनाही धर्मग्रंथाइतकाच दगडांचा नाद होता. तो त्यांच्या चर्चला परका नव्हता. एडिंबरोत फ्री चर्चची बाजू लढवणाऱ्या ‘विटनेस’ या पत्राचे संपादक ह्यू मिलर हे स्वतः नामांकित भूशास्त्रज्ञ होते.

राज्य खालसा झाल्यावर वाड्याची झडती सुरू झाली. सर जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच त्या लुटीची हकीकत शरमेच्या स्वरात लिहून ठेवली आहे. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून लिलावात काढले गेले आणि जनावरे मातीमोल किमतीला गेली. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. दुसऱ्या रघूजींच्या विधवा, वृद्ध बांकाबाई, यांनी अर्ज-विनंत्या केल्या, लंडनला वकील पाठवले, पण निकाल फिरला नाही.

या शहराला राज्यबदल नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या बख्त बुलंद शहाने नागपूर वसवले. तो गोंड राजा. गादीच्या भांडणात पहिल्या रघूजी भोसल्यांना मध्यस्थीला बोलावले गेले आणि १७४०च्या दशकात मध्यस्थच मालक झाले. मात्र त्यांनी गोंड राजाला किल्ल्यात मानाने ठेवले, आणि नव्या भोसले राजाच्या कपाळी टिळा लावण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला. गेलेल्या सत्तेच्या हातून नव्या सत्तेला मान्यता, अशी ती रीत. कंपनीला अशा टिळ्याची गरज वाटली नाही.

ती गरज इंग्लंडमधल्या आणि हिंदुस्थानातल्या पुष्कळ पाद्र्यांनी परस्पर भागवली. एवढा मोठा देश मूठभर बेटकरांच्या हाती कसा गेला, याचे उत्तर त्यांच्या लेखी एकच: ईश्वरी योजना. कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ यांच्यासारखे प्रभावी मिशनरी हा विचार जोरकसपणे मांडत. पहिले कलम वाचून झाले होते.

हिस्लॉप यांची वाट थोडी निराळी गेली. खालसा झालेल्या नागपूर प्रांताच्या कारभारातल्या उणिवांवर ते बंगालमधल्या श्रीरामपूरच्या ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या साप्ताहिकात लिहीत. त्याचे संपादक जॉर्ज स्मिथ यांनीच पुढे १८८८ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. नागपूर ज्या वर्षी खालसा झाले त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला. टाकळीच्या दगडांतले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले, कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मातली पानांचे ठसे, मांगलीला सापडलेली एका उभयचराची कवटी, असा त्यातला ऐवज. गोंडांच्या नावाने ओळखला जाणारा जो ‘गोंडवन’ खडकसमूह पुढे जगाच्या भूशास्त्रात पोचला, त्याच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत या दोघांचे नाव येते. ज्या जमिनीची मालकी कोणाची यावर कलकत्त्यात कागद रंगत होते, तिच्या वयापुढे नागपूरच्या सगळ्या गाद्या मिळून एक क्षणही भरत नव्हत्या.

१३ जून १८५७ च्या रात्री नागपुरातही उठावाचा बेत ठरला. टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने शहरातून आगीचे फुगे वर जाताच निघायचे, अशी खूण होती. बेत आधीच फुटला. हिस्लॉप यांना एका मुसलमान परिचिताने सावध केले आणि त्यांनी ते अधिकाऱ्यांच्या कानावर घातले, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात सांगितले आहे. कामठीची मद्रासी पलटण कंपनीच्या बाजूने राहिली. पुढाऱ्यांना फाशी झाली. राज्य गमावलेल्या बांकाबाईंनी आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवले.

आता दुसऱ्या कलमाची पाळी आली, आणि ती इंग्लंडात आली. दिल्ली-कानपूरच्या बातम्यांनी हादरलेल्या देशात राणीच्या आज्ञेने ७ ऑक्टोबर १८५७ हा उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन या तेविशीतल्या उपदेशकाला ऐकायला वीस हजारांहून अधिक लोक जमले. हा देवाचा दंड आहे यावर त्या दिवशी बहुतेक व्यासपीठांचे एकमत होते. कशाबद्दलचा, यावर मात्र नव्हते. कोणी म्हणे कंपनीने मूर्तिपूजेला अभय दिले म्हणून, कोणी म्हणे ख्रिस्ताचा प्रसार रोखला म्हणून. अफूचा व्यापार, हाव आणि मुलूख गिळण्याचे धोरण यांवर बोट ठेवणारेही होते. आमोसाने शेजाऱ्यांवरून आपल्यावर वळवलेले बोट इंग्रजांनी स्वतःवर वळवले खरे, पण अपराधाची यादी ज्याने त्याने आपल्या सोयीने लिहिली. सूडाची मागणीही त्याच दिवशी, त्याच तोंडांनी झाली.

वर्षभरात कंपनीचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन दिले. पुढे दत्तकाचा हक्कही मान्य झाला. भोसले घराण्यातल्या दत्तक जानोजींना देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली, राज्य मिळाले नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले.

हिस्लॉप यांच्या कामाचा शेवट अचानक झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. तिथली एक शाळा तपासायला मागे थांबले, आणि अंधारात घोड्यावरून परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात बुडाले. सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस राहिले होते. त्यांचे गोंडांवरचे अपुरे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. गोंडांच्या परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत त्यात आहे. गोंड कोण, कुठे कोंडले गेले, लिंगोने त्यांना कसे सोडवले आणि रीतभात कशी घालून दिली, असे ते कथानक. दुसऱ्यांच्या सुटकेची कथा सांगायला आलेल्या माणसाने या लोकांची स्वतःची सुटकेची कथा कागदावर आणली. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले. आज ते सिव्हिल लाइन्समध्ये, टेंपल रोडवर आहे.

ख्रिस्ताचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची फारकत मराठीत कोणी ठसठशीतपणे केली असेल, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या धर्मांतराचा धागाही नागपूरला जोडलेला आहे. ते इथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी मिशनच्या चौकटीत ते मावले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ ही मंडळी उभी केली. तिचे नावच दरबार. पण त्यात ना व्हाइसरॉय होता, ना परदेशी मिशनचा पगार.

स्वतंत्र भारतात प्रश्नाची दिशा उलटली. १४ एप्रिल १९५४ रोजी, डलहौसीच्या टिपणाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती सदस्यही समितीत होते. १९५६ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यातून अहवाल निघाला. परदेशी पैसा आणि धर्मांतरे यांच्या जोडीने त्यात एक शंका ठळक होती: राष्ट्रापलीकडच्या सत्तेला मानणाऱ्याची निष्ठा राष्ट्राशी कितपत? ख्रिस्ती संस्थांनी आरोप नाकारले आणि अहवाल एकांगी असल्याचे म्हटले. नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल या प्रोटेस्टंट चर्चांच्या देशव्यापी संस्थेचे कार्यालय नागपुरातच होते, त्यामुळे आरोप आणि उत्तर यांच्यात फारसे अंतर नव्हते. वाद मिटायच्या आत चौकशी नेमणाऱ्या राज्याचाच नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चांचे विलीनीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते. स्कॉटिश मिशनांचा वारसा सांगणारे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होते, आणि अँग्लिकन परंपरेचे चर्चही होते. इंग्लंडात अँग्लिकन चर्चचा सर्वोच्च अधिकारी आजही राजमुकुट आहे. हिंदुस्थानातल्या शाखेचे मात्र ते कायदेशीर नाते १९२७ च्या कायद्याने १९३० मध्येच तुटले होते. त्यामुळे ज्या वादापायी १८४३ मध्ये हिस्लॉप यांचे चर्च सरकारमान्य चर्चपासून फुटले, तो नागपूरच्या वाटाघाटीत कोणाला काढावाच लागला नाही. तिथली खरी घासाघीस बिशपांचे अधिकार आणि बाप्तिस्म्याची पद्धत यांवरून झाली होती.